‘रोबोट्रॉन’ टिकला तो आठवणींवर नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या व्हिडिओ गेमविषयी मराठी वर्तमानपत्रांत काही छापून आले की सूर बहुधा ठरलेला असतो: मे महिन्याची सुट्टी, खाऊचे पैसे, गेले ते दिवस. ‘रोबोट्रॉन : २०८४’ या खेळाला हा सूर लावणे अन्यायाचे आहे. चहूबाजूंनी येणाऱ्या रोबोटांना मारत माणसे वाचवायचा हा खेळ शिकागोच्या विल्यम्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८२ साली आर्केड यंत्राच्या, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या मोठ्या यंत्राच्या रूपात बाजारात आणला. आज तो चवीने खेळणाऱ्यांत त्या सालानंतर जन्मलेले पुष्कळ आहेत, आणि आपल्याकडच्या बहुतेकांनी तर मूळ यंत्र डोळ्यांनी पाहिलेलेही नाही. ज्याची आठवणच नाही त्याचे स्मरणरंजन कसले? ओढ खेळाच्या घडणीतच आहे. ती कशी, आणि घरी खेळायला बसलेल्यांचा विरस नेमका कुठे होतो, हे सांगायला हे पत्र.

यंत्रावर आठ दिशांना वळणाऱ्या दोन जॉयस्टिक असतात. डावीने आपला माणूस चालतो, उजवीने गोळ्या सुटतात. खेळ सुरू करायची दोन बटणे सोडली तर पॅनेलवर एकही बटण नाही. उजवी दांडी जिकडे रेटाल तिकडे गोळी, आणि रेटून धरली तर गोळ्यांची सरच. म्हणजे डावीकडे पळता पळता उजवीकडच्याला टिपता येते. आज यात काही विशेष वाटत नाही, पण १९८०च्या ‘बर्झर्क’मध्ये दांडी एकच होती, गोळी झाडायची तर जागेवर थांबावे लागे. ‘रोबोट्रॉन’चे कर्ते युजीन जार्व्हिस यांचा उजवा हात मोटार अपघातात दुखावला होता. प्लास्टरमधल्या हाताने दांडी आणि बटण असा खेळ जमेना, त्यातून दोन दांड्यांची कल्पना निघाली. त्यांनी आणि लॅरी डीमार यांनी ‘अटारी २६००’ या घरगुती गेमयंत्राच्या दोन जॉयस्टिक एका फळीवर बसवून पहिला नमुना केला. याच जार्व्हिस यांच्या आधीच्या ‘डिफेंडर’मध्ये एक दांडी आणि पाच बटणे होती, तिथे निम्मा वेळ बोटांच्या गोंधळातच जातो. ‘रोबोट्रॉन’ कसा खेळायचा हे दहा सेकंदांत कळते. त्यानंतरचा प्रत्येक मृत्यू आपल्याच निर्णयाचा असतो, यंत्राला दोष देण्याची सोयच उरत नाही.

खेळाचा प्रत्येक टप्पा म्हणजे एक लाट. लाट सुरू होते तेव्हा आपण पडद्याच्या मधोमध असतो आणि चारी बाजूंनी रोबोट. कडेच्या चौकटीखेरीज भिंत नाही, आडोसा नाही, अंगावर आल्यावर वापरायचा राखीव बॉम्ब नाही. रोबोटांच्या जागा दर वेळी बदलतात, त्यामुळे ‘पॅकमॅन’सारखे ठरावीक मार्ग पाठ करून काम भागत नाही. त्यातच आई, बाबा आणि मायकी हे पोर अशी शेवटची माणसे पडद्यावर भटकत असतात. नुसता स्पर्श केला की ती वाचतात.

या माणसांच्या गुणांचा हिशेब म्हणजे खेळाचा कणा, आणि नवखे नेमके तिथेच चुकतात. एका लाटेत पहिले माणूस वाचवले की १०००, दुसऱ्याला २०००, मग ३०००, ४०००, ५०००. पुढे प्रत्येकी ५०००. नवी लाट आली किंवा आपण मेलो की पुन्हा १००० पासून. नेहमीच्या सेटिंगवर दर २५,००० गुणांना एक जीव वाढतो. आता बेरीज करा: एकाच दमात सात माणसे वाचवली की बरोबर २५,००० होतात, म्हणजे एक जीव. ग्रंट, म्हणजे सर्वांत साधा रोबोट, मारल्याचे गुण १००. तोच जीव ग्रंट मारून मिळवायचा तर अडीचशे मारावे लागतील. म्हणून नुसता गोळीबार करणारा आठव्या-नवव्या लाटेत संपतो, आणि गर्दीत घुसून माणसे वेचणारा जगतो. मूळ नमुन्यात तर गोळीबारच नव्हता. रोबोटांना चुकवत चुकवत इलेक्ट्रोड नावाच्या स्थिर, घातक अडथळ्यांवर आदळवायचे, एवढाच खेळ होता. तो लवकर कंटाळवाणा वाटला म्हणून बंदूक आली, आणि जिवावर उदार व्हायला काही कारण हवे म्हणून हे कुटुंब आले. आमच्या मते हे कुटुंब नसते तर ‘रोबोट्रॉन’चे नाव आज कुणी घेतले नसते.

शत्रूंची रचनाही अशी, की आधी कुणाला मारायचे याचा निर्णय क्षणाक्षणाला बदलावा लागतो. ग्रंट सरळ अंगावर येतात. सुरुवातीला संथ, पण लाट लांबली की त्यांचा वेग वाढत जातो. हल्क मरत नाही. गोळीने फक्त मागे सरकतो, आणि वाटेत आलेल्या माणसांना तुडवतो. स्फेरॉइड मारले तर १०००, नाही मारले तर त्यातून एन्फोर्सर बाहेर पडतात, ज्यांचे गुण १५० आणि त्रास दसपट. क्वार्कचेही तसेच: वेळेत टिपला तर १०००, नाहीतर त्यातून रणगाडे निघतात आणि त्यांचे गोळे भिंतींवर आपटून परत येतात. नियम एवढाच की पिल्ले काढणाऱ्याला आधी मारायचे. स्फेरॉइड कोपऱ्यांकडे रेंगाळतात, तेव्हा लाटेच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत नजर कोपऱ्यांवर हवी. आपण स्वतः मात्र कोपऱ्यात शिरू नये, कारण एन्फोर्सरच्या ठिणग्या भिंतीला घासत सरकतात आणि तिथून निसटायला वाट नसते.

दर पाचवी लाट ब्रेन या रोबोटांची. ब्रेन माणसाला पकडून त्याचा प्रॉग, म्हणजे आपला शत्रू, करतो आणि तो प्रॉग आपल्यावरच धावून येतो. इथे ब्रेन आधी, माणसे नंतर. अपवाद पाचव्या लाटेचा: त्यात माणसांपैकी बहुतेक आयाच असतात, आणि प्रोग्रॅममधल्या एका चुकीमुळे सगळे ब्रेन एकट्या मायकीच्या मागे लागतात. मायकी जिवंत आहे तोवर आया सुरक्षित. जाणकार खेळाडू म्हणून मायकीला हातही लावत नाहीत, आधी आया वेचतात. हे थोडे निर्दयी आहे खरे, पण एका लाटेत दोन-तीन जीव पदरात पडतात. नववी, एकोणिसावी, एकोणतिसावी या लाटा ग्रंटांच्या झुंडीच्या. त्यांत मध्यभागी उभे राहून चौफेर गोळ्या झाडणे म्हणजे मरण. एक बाजू निवडावी, तिकडे गोळ्यांनी गल्ली पाडावी, कडेला पोहोचावे आणि मग पडद्याला वळसा घालत पळावे. ग्रंट मागे एका घोळक्यात येतात, तेव्हा उजवी दांडी मागे धरली की निम्मे काम आपोआप होते.

एका मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या मोटोरोला ६८०९ प्रोसेसरला एकट्याने एवढी गर्दी हलवता आली नसती. चित्रांचे तुकडे स्मृतीतून पडद्यावर झपाट्याने उतरवणाऱ्या दोन खास चिप विल्यम्सने रॉम बोर्डावर, म्हणजे खेळाचा प्रोग्रॅम साठवणाऱ्या चिपांच्या बोर्डावर, बसवल्या, म्हणून ते जमले.

आता घरच्या खेळाविषयी. ‘रोबोट्रॉन’ अधिकृत संग्रहांतून मिळतो. २०१२च्या ‘मिडवे आर्केड ओरिजिन्स’मध्ये तो आहे. संगणकावर ‘मेम’ हा एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, चालतो, पण त्याला लागणाऱ्या रॉमच्या (मूळ खेळाच्या प्रोग्रॅमच्या) फायली कॉपीराइटखाली येतात हे ध्यानात असू द्यावे. ‘एकदा खेळून पाहिला, काही खास वाटला नाही’ असे म्हणणारे बहुधा कीबोर्डवर खेळलेले असतात. तिरके पळत तिरकी गोळी झाडायची तर एकाच वेळी चार कळा दाबाव्या लागतात. साध्या कीबोर्डच्या आतल्या तारांच्या जाळीत तिसरी-चौथी कळ अनेकदा गिळली जाते, माणूस अडखळतो आणि मरतो. दोष खेळाचा नसतो. मोबाइलच्या काचेवर अंगठ्यांना दांडीचा काठच लागत नाही, तेव्हा तो नाद सोडलेला बरा. दोन अंगठ्यांचा गेमपॅड चालण्याजोगा. फक्त डेडझोन, म्हणजे दांडी थोडी हलली तरी दुर्लक्षिली जाणारी मधली जागा, तपासावा. तो फार मोठा असेल तर दिशा उशिरा लागते, फार लहान असेल तर दांडी सोडली तरी माणूस सरकत राहतो. टीव्हीवर खेळत असाल तर ‘गेम मोड’ चालू करा, नाहीतर टीव्ही चित्र सजवत बसतो आणि हाताची हालचाल पडद्यावर उशिरा उमटते.

खरी मजा स्वतःच्या पॅनेलवर. साहित्य फार लागत नाही: १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड, आठ दिशांच्या दोन आर्केड जॉयस्टिक, तीन बटणे (नाणे, एक खेळाडू, दोन खेळाडू) आणि एक यूएसबी एन्कोडर (दांड्या-बटणांचे संकेत संगणकाला पोहोचवणारा छोटा बोर्ड). दांड्यांच्या मध्यांत २२ ते २५ सेंटिमीटर अंतर ठेवा; जवळ घेतल्या तर मनगटे आत वळतात आणि अर्ध्या तासात दुखू लागतात. स्वस्त एन्कोडरवर दांडीसाठी खोबण एकच असते. डावी तिथे जोडा, उजवीचे चार स्विच बटणांच्या खोबणींत घाला आणि एम्युलेटरमध्ये त्यांना उजव्या दांडीच्या दिशा द्या. हटकून होणारी चूक अशी: दांडी वर ढकलली की तळाशी खालचा स्विच दाबला जातो, कारण दांडी मधल्या खिळीवर फिरते. म्हणून ‘वर’ची तार खालच्या स्विचला. हे विसरले की सगळे उलटे चालते आणि लोक एन्कोडरला शिव्या देतात. दांडीची हालचाल बांधून ठेवणारी आठ कोनी चौकट बसवली तर तिरक्या दिशा हाताला स्पष्ट लागतात; या खेळाला तीच बरी. शेवटचा मुद्दा वजनाचा. दोन्ही हात दांड्यांवर असतात, पॅनेल धरायला कुणीच नसते. हलकी पेटी टेबलावरून घसरत जाते. ती क्लॅम्पने टेबलाला आवळा किंवा आत विटा भरा.

कुणी परदेशातून मूळ यंत्र आणवले असेल, तर चालू करण्याआधी सीपीयू बोर्डावरच्या तीन डबल-ए पेन्सिल सेलकडे पाहा. उच्चांक आणि सेटिंग जपायला ते असतात. वर्षानुवर्षे तसेच राहिले की पाझरतात आणि बोर्डाचे तांबे खातात. सेल काढा, डाग व्हिनेगरने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करा, आणि नवा सेल-होल्डर तारेने बोर्डापासून लांब बसवा. सेटिंग टिकत नसेल तर नाण्याचे दार उघडे ठेवून बदला. दार बंद असताना तिथले एक स्विच ती स्मृती कुलूपबंद ठेवते. पडद्यावर रंगीत गालिच्यासारखी नक्षी येऊन खेळ तिथेच अडला, तर चिपा उपटायची घाई नको. आधी मल्टीमीटरने +५, −५ आणि +१२ व्होल्ट मोजा. ४११६ रॅमला (यंत्राच्या स्मृतीच्या चिपांना) हे तिन्ही लागतात, आणि −५ गायब असताना यंत्र चालू ठेवले तर त्या जळतात. व्होल्टेज बरोबर असेल तर पॉवर सप्लायचे करपलेले कनेक्टर आणि सीपीयू व रॉम बोर्डांमधली रिबन केबल, हे पुढचे संशयित. अमेरिकेतले यंत्र आपल्या २३० व्होल्टवर थेट लावू नये, पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मध्ये हवाच. पिक्चर ट्यूबला तर माहितगाराशिवाय हातच लावू नये. वीज काढल्यावरही तिच्यात विजेचा जीवघेणा दाब साठून राहतो.

मूळ यंत्रात एखाद्या दिशेला गोळी अडकत सुटत असेल, तर दांडीखालच्या पत्त्यांचे (धातूच्या पातळ पट्ट्यांचे) स्विच मळलेले असतात. पत्त्यांमध्ये जाड कोरा कागद घालून अलगद ओढला की पुरते. पॉलिश पेपरने घासलात तर संपर्कबिंदूंवरचा मुलामा जातो आणि दोष कायमचा होतो.

‘स्मॅश टीव्ही’ (१९९०), ‘जॉमेट्री वॉर्स’, खुद्द जार्व्हिस यांचा हात लागलेला ‘नेक्स मशिना’ (२०१७) ही याच कुळातली नावे. त्यांत रोषणाई अधिक आहे, पण माणसे वाचवण्याचा तो चढता हिशेब ज्यांत नाही, ते खेळ आम्हाला लवकर पुरे होतात.

स्पर्धा लावणाऱ्यांसाठी एक सूचना. रॉमच्या आवृत्त्या एकाहून अधिक आहेत. निळ्या लेबलची आवृत्ती नंतरची, दुरुस्त केलेली. सगळ्यांनी तीच घ्यावी. तिच्यातही एक जुना दोष शिल्लक आहे: पडद्याच्या कोपऱ्यातल्या एन्फोर्सरला तिरकी गोळी लागली की कधी कधी यंत्र रीसेट होते आणि चालू डाव जातो. तेव्हा गुणफलकाचा फोटो दर काही लाटांनी काढून ठेवायला एक माणूस बाजूला उभा करावा.

आपले,
जुनी आर्केड यंत्रे खेळणारे व दुरुस्त करणारे काही वाचक, पुणे