तात्या, किल्ली काढून घेतलीत त्याबद्दल

तात्या,

साष्टांग नमस्कार.

तुमच्याकडे साधा बटनाचा फोन आहे हे मी पाहिलंय. पण नात कॉलेजला जाते म्हणालात, तिच्या मोबाईलवर हे कधीतरी येईल आणि ती वाचून दाखवेल या हिशेबाने लिहितोय. नाव टाकत नाही, तुम्हाला रुचलं नसतं.

मी मोरणा खोऱ्यातला तो पोकलेनवाला. जूनचा पहिला आठवडा, दुपारी वळीव झोडपून गेलेला, आणि रस्त्याच्या कडेला ट्रेलरच्या रॅम्पवर अर्धवट चढून तिरकं झालेलं सात टनांचं मशीन. आत मी. आठवलं ना?

माझी त्या दिवसाची अवस्था तुम्हाला सांगितली नव्हती, आता सांगतो. मशीन जुनं, कर्ज काढून घेतलेलं, पहिलाच हप्ता तोंडावर. हेल्पर सकाळीच गावी गेला होता. ज्याच्या कामावर होतो त्याच्या सुपरवायझरने ‘चढवायला माणूस पाठवतो’ म्हणून सांगितलं आणि फोन बंद करून टाकला. ट्रेलरच्या ड्रायव्हरने रॅम्प खाली सोडले, ‘चढवणं तुमचं काम, आवळणं माझं’ म्हणाला आणि केबिनमध्ये जाऊन बसला. मग ज्याने मशीन विकलं त्याला फोन लावला. ऑपरेटरकीची वीस वर्षं सांगणारा माणूस. तो म्हणाला, ‘त्यात काय, ससा टाक आणि एका दमात घे.’

मी ससा टाकला, म्हणजे मशीन जलद चालीवर घेतलं; हळू चालीला कासव म्हणतात. चेनमध्ये लाल चिखल ठासून भरलेला, रॅम्प लोखंडाचा आणि ओला. निम्म्यावर डावी चेन साबणावरून जावी तशी सरकली. बकेट खाली टेकली म्हणून थांबलो, नाहीतर आज हे लिहायला नसतो. तोवर सात-आठ जण जमले होते. सगळ्यांचे हात वर होते, पण मोबाईल धरायला. एकाने तर ‘भावा, अजून थोडं घे’ असं ओरडून सांगितलं. त्याला बहुतेक व्हिडिओ पुरा करायचा होता.

गर्दीतून पुढे आलेले तुम्ही एकटेच. डोक्याला टॉवेल, हातात वैरणीचा विळा. ओरडला नाहीत. विळा बाजूला ठेवलात, मला दिसेल असे उभे राहिलात आणि फक्त तळहात खाली-खाली करून दाखवलात. कासव. हळू. मागे. त्या हातावर नजर ठेवून मी इंच इंच जमिनीवर आलो.

आणि मग तुम्ही जे केलंत त्यासाठी हे पत्र आहे. बाकी सगळं मी कुणाकडून तरी कधीतरी शिकलोही असतो.

मी लगेच दुसऱ्यांदा चढवायला निघालो होतो. लाज वाटत होती, एवढी माणसं बघत होती. तुम्ही चेनवर पाय देऊन वर आलात, दारातून हात आत घातलात, इंजिन बंद केलंत आणि किल्ली काढून स्वतःच्या बंडीच्या खिशात टाकलीत. मी चिडलो. तुम्ही माझ्या गुडघ्याकडे बोट दाखवलंत. ‘पाय बघ तुझा. ह्यो पाय पेडलवर ठेवशील? थरथरायचा थांबला की किल्ली माग.’

मी खाली बघितलं. पाय शिवणयंत्राच्या सुईसारखा हलत होता आणि मला पत्ताच नव्हता.

अर्धा तास गेला, तात्या. त्या अर्ध्या तासात तुम्ही मला काही शिकवलं नाहीत की विचारलं नाहीत. उकिडवे बसून विळ्याच्या टोकाने चेनच्या पट्ट्यांमधला चिखल काढत राहिलात, एकेक पट्टी. मग मलाही बसवेना, मीही काठी घेतली. पाटबंधारेच्या यांत्रिकी विभागात तुम्ही डोझर चालवायचात हे तिथेच कळलं, तेही मी विचारलं म्हणून. केबिनमधल्या ड्रायव्हरलाही बहुधा लाज वाटली असावी. तो उतरला आणि ट्रेलर पुढच्या मुरमाच्या सपाट जागेवर घेतला. चाकांना दगड त्यानेच लावले.

तुमच्या घरून पोती आली, बांधकामातली उरलेली फक्की आली. पोती रॅम्पवर अंथरली. जमिनीपासून थेट ट्रेलरपर्यंत मधोमध फक्कीची रेघ मारलीत, घराच्या पायाची आखणी करावी तशी. सीटखाली धुळीत गाडलेला बेल्ट तुम्ही ओढून काढलात आणि टॉवेलने पुसलात. ‘कलंडलं तर उडी मारायची न्हाय. आत बसून ऱ्हायचं. आमच्या कामावर एकानं मारली हुती.’ पुढे काही बोलला नाहीत. मी बेल्ट लावला.

मग मी किल्ली मागितली. तुम्ही आधी माझ्या पायाकडे बघितलंत, मग खिशात हात घातलात.

या वेळी मशीन आडवं झालं तरी अंगावर येणार नाही इतके लांब उभे राहिलात. ‘मी दिसायचा बंद झालो की थांब. रॅम्पवर वळवायचं न्हाय. वाकडं वाटलं तर सरळ खाली ये, पुन्यांदा लाव.’ वरच्या कडेवर मशीन क्षणभर अधांतरी झालं तेव्हा माझा श्वास अडकला होता, पण बकेट आधीच ट्रेलरवर टेकवायला लावली होतीत. पाळणा टेकावा तसं अलगद बसलं. व्हिडिओवाले तोवर निघून गेले होते, बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पाचशेची नोट काढली तर तुम्ही विळा उचलून चालू लागलात. एकट्यावर वेळ आली तर काय करू, असं मागून विचारलं. ‘माणूस मिळंस्तवर बसून ऱ्हायचं,’ म्हणालात. मोठमोठ्या कंपन्यांच्या साइटवर टोप्या घालून फिरणारे साहेब बघितलेत मी. त्यांच्यातला एकही असं सरळ बोलला नव्हता. आणि बोलला असता तरी अर्धा तास चिखलात बसला नसता. आपली वैरण तिथेच बांधावर टाकून परक्या पोरासाठी बसणारी माणसं घरात कुठल्या वळणात वाढतात कोण जाणे, पण पाटण तालुक्यात एक आहे एवढं मी शपथेवर सांगतो.

त्यानंतर तीनदा मशीन चढवलं. एकदा माणूस मिळेपर्यंत पावणेदोन तास थांबलो, मालकाच्या शिव्या खाल्ल्या. किल्लीच्या काळ्या मुठीवर तुमच्या खिशातल्या चुन्याचा डाग आहे, तो पुसलेला नाही.

गोठ्याच्या मागून पाणी आत शिरतं असं तुम्ही बोलता बोलता म्हणाला होतात. दिवाळीनंतर जमीन वाळली की मशीन घेऊन येतोय. चर काढून देतो, डिझेल माझं. नको म्हणू नका. फक्त ट्रेलरवरून उतरवताना समोर उभे राहा.

तुमचा,
पोकलेनवाला