अशोक चौकातल्या दुरुस्तीवाल्या काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागात तुमचं दुकान मिक्सर आणि टीव्हीच्या दुरुस्तीसाठी माहीत आहे. माझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्पातही तुमचा हात आहे हे कुणालाच ठाऊक नाही, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय.

प्रकल्प होता वैश्विक किरण, म्हणजे अंतराळातून येणारे वेगवान कण, मोजणाऱ्या अंतराळयानावरच्या उपकरणाचा आराखडा, आणि सोबत जमिनीवर चालणारी छोटी प्रतिकृती. एकावर एक दोन सिंटिलेटर पाट्या. कण आरपार गेला की दोन्ही एकदम चमकतात. तेवढीच नोंद खरी धरायची. मूळ किरण जमिनीपर्यंत क्वचितच येतात, इथे मिळतात ते वातावरणात त्यांच्यापासून तयार झालेले म्युऑन नावाचे कण, तळहातावर सेकंदाला एक-दोन. माझा आकडा मात्र दिवसा भलताच फुगायचा.

"पाट्या शेजारी-शेजारी ठेव की," तुम्ही म्हणालात. ठेवल्या. आता वरून येणारा एकच कण दोन्हींतून जाणं शक्य नाही, तरी नोंदी चालूच! मग तुम्ही जुना ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधे लावलात आणि वायरीच्या कडेकडेने फिरवलात. शेजारचा यंत्रमाग सुरू झाला की खर्रर्र. मोटारीचा झटका दोन्ही वायरींत एकाच क्षणी शिरत होता आणि सर्किटला तो कण वाटत होता. जाळीची वायर, अर्थिंग एकाच जागी, मेनऐवजी बॅटरी, आणि आकडा ताळ्यावर आला. असला खोटा 'एकदम' पकडायची युक्ती मला वर्गात कुणी सांगितली नव्हती.

मग तुमचा प्रश्न, "वर बिघडलं तर दुरुस्तीला कोण जातंय?" त्यावरून मी आराखडा पुन्हा मांडला. 1977 साली निघालेल्या व्हॉयेजर 1 या नासाच्या यानावरच्या वैश्विक किरणांच्या उपकरणात कमी ऊर्जेच्या कणांसाठी चार आणि जास्त ऊर्जेसाठी दोन 'दुर्बिणी', म्हणजे कण टिपणारे भाग, होत्या. एकीवरच भिस्त नव्हती. फेब्रुवारी 2025 मध्ये ते उपकरण बंद केलं, तेही वीज वाचवायला.

आता बाजूने घुसणारे कण बाद करायला भोवती आणखी पाट्या लावायच्यात. सोल्डरिंग तुम्हीच करा, तुमच्यासारखा टाका मला अजून जमत नाही. आणि या वेळी पैसे घ्यायचेच, काका.

तुमची,
वायरींचा गुंता घेऊन येणारी पोरगी