पर्यावरणाची मते मागा, पण आधी वॉर्ड वाटून घ्या

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

झाडे, कांदळवने आणि हवा यांच्या नावाने मते मागणारे लहान पक्ष मुंबईत आता बरेच झाले आहेत. कोणी गोरेगावच्या आरे वसाहतीतल्या वृक्षतोडीविरुद्धच्या आंदोलनातून वर आलेले, कोणी डाव्या चळवळीतले, कोणी नागरिक मंचाचे. मोठ्या पक्षांना त्यांची भीती वाटत नाही, कारण हे सगळे एकाच वॉर्डात एकमेकांविरुद्ध अर्ज भरतात.

2017 च्या महापालिका निवडणुकीत 227 जागांसाठी सव्वादोन हजारांवर उमेदवार होते, म्हणजे वॉर्डामागे सरासरी दहा. मतदान 55 टक्क्यांच्या आसपास झाले. दक्षिण मुंबईतल्या वॉर्ड क्र. 220 मध्ये पहिल्या दोघांना प्रत्येकी 5,946 मते पडली आणि निकाल चिठ्ठी काढून लावावा लागला. अशा ठिकाणी पर्यावरणासाठी मत देणारे तीन हजार लोक एका बाजूला आले तर निकाल फिरतो. तेच हजार-हजार असे तीन पक्षांत विखुरले तर तिघांचीही अनामत जाते, कारण ती वाचवायला वैध मतांच्या एक अष्टमांश मते लागतात.

भाषणांत जर्मनीच्या ग्रीन पक्षाचा दाखला हटकून येतो. त्या पक्षाने 1983 साली 5.6 टक्के मतांवर 27 खासदार निवडून आणले हे खरे. पण तिथे पाच टक्क्यांची अट ओलांडली की मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. ब्रिटनच्या ग्रीन पक्षाला 1989 च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत 15 टक्के मते पडूनही एकही जागा मिळाली नाही; तिथे तेव्हा ज्याला सर्वाधिक मते तोच विजयी, अशी पद्धत होती. मुंबईच्या वॉर्डातही तीच आहे.

समजा, एखाद-दुसरा उमेदवार निवडून आला. पुढे काय? पालिकेतले निर्णय समित्यांमध्ये होतात आणि समित्यांच्या जागा पक्षाच्या संख्याबळावर ठरतात. स्थायी समितीवर सभागृहातून 26 सदस्य जातात. 227 ला 26 ने भागा. एका जागेमागे पावणेनऊ नगरसेवक येतात. पाच-सहा असले तर अपूर्णांकाच्या कृपेने एखादी जागा पदरात पडते, दोघांना काहीच मिळत नाही. यावर उपाय लहान पक्षांच्या नगरसेवकांनी मिळून एक गट स्थापन करण्याचा. तो कोकण विभागीय आयुक्तांकडे नोंदवावा लागतो आणि त्याची बोलणी निकालानंतरच्या धावपळीत सुरू केली तर मोठा पक्ष आधी येऊन एकेकाला उचलतो. म्हणून कोण कोणाबरोबर बसणार, गटनेता कोण आणि व्हिप (मतदानाचा आदेश) कोणाचा, हे उमेदवारी अर्ज भरण्याआधी कागदावर यायला हवे.

समितीतल्या एका खुर्चीची किंमत किती, हे आरेने दाखवले आहे. 29 ऑगस्ट 2019 रोजी मेट्रो-3 च्या कारशेडसाठी (गाड्या ठेवण्याच्या आगारासाठी) 2,646 झाडे तोडण्याचा वा हलवण्याचा प्रस्ताव पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणापुढे आला. शिवसेनेच्या सहा सदस्यांनी विरोध केला, तरी तो 8 विरुद्ध 6 असा मंजूर झाला. 4 ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती 7 ऑक्टोबरला आली, तोवर दोन हजारांवर झाडे आडवी झाली होती. फाटकाबाहेर घोषणा देणारे पक्ष कमी नव्हते. त्या बैठकीत मात्र त्यांचे कोणी नव्हते.

आता जाहीरनाम्यांविषयी. 'कांदळवने वाचवू' हे नगरसेवकाच्या हातातले काम नाही. सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्रातल्या कामांची) मंजुरी राज्य आणि केंद्राच्या यंत्रणा देतात आणि कांदळवन तोडायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते. कारशेडची जागा राज्य सरकार ठरवते. नगरसेवक जे करू शकतो ते कोणी लिहीत नाही, बहुधा ते फलकावर शोभत नाही म्हणून. वृक्षतोडीच्या जाहीर सूचनेवर हरकतीसाठी सात दिवस असतात. ती सूचना पहिल्या दिवशी सोसायट्यांपर्यंत पोहोचवणे हे काम आहे. विकास आराखड्यातले मैदानाचे आरक्षण बदलायचे तर एमआरटीपी या राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली सूचना निघते आणि महिनाभरात हरकती घ्याव्या लागतात. हा विषय सुधार समितीत येतो, तिथे विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्यावा लागतो. ऑक्टोबर 2023 च्या धूळ-नियमांप्रमाणे 70 मीटरपेक्षा उंच इमारतीच्या कामाभोवती 35 फूट उंच पत्रे लागतात, शिवाय पाणी फवारणी आणि ताडपत्री. वॉर्डात किती बांधकामांना नोटिसा गेल्या आणि त्यातली किती कामे खरोखर थांबली, ही यादी प्रभाग समितीत सहायक आयुक्तांकडे दर महिन्याला मागता येते. 7 मार्च 2022 ला सभागृहाची मुदत संपल्यानंतर प्रशासकाच्या काळात हे विचारायला सभागृहच नव्हते.

वॉर्ड वाटून घ्यायचे तर सगळीकडे लढण्याचा मोह आधी सोडावा लागेल. पंधरा-वीस पुरेत, आणि तेही जिथे प्रश्न घरात शिरला आहे असे: देवनार कचराभूमीच्या धुराखालचे गोवंडी-मानखुर्द, कचराभूमीच्या वासाने खिडक्या बंद ठेवणारे कांजूर-विक्रोळी, तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारचे माहुल, आरेतले आदिवासी पाडे, मालाड-चारकोपचा खाडीकाठ. एका वॉर्डात एकच उमेदवार. ज्या पक्षाचे तिथे वर्षभर काम, त्याची जागा. पटत नसेल तर दोन वर्षांत कोणी किती हरकती आणि माहिती अधिकाराचे अर्ज दाखल केले त्याच्या पोचपावत्या टेबलावर ठेवाव्यात. मान्यता नसलेल्या पक्षांना मुक्त चिन्हे मिळतात आणि सगळीकडे एकच मिळेल याची खात्री नसते. तेव्हा प्रचारपत्रकावर आघाडीच्या नावापेक्षा उमेदवाराचे नाव आणि चिन्ह मोठे छापलेले बरे.

या पक्षांची एक समजूत मला मुळातच चुकीची वाटते. पर्यावरणाचा मतदार म्हणजे सकाळी उद्यानात फिरणारा सुशिक्षित, असे धरून ते चालतात. वरळीच्या कोळी बांधवांनी कोस्टल रोडच्या पुलाखालून होड्या सुरक्षित जाव्यात म्हणून दोन खांबांमधले 60 मीटरचे अंतर वाढवण्याची मागणी लावून धरली. त्यांना हवे होते 160 मीटर, मिळाले 120. समुद्र, भराव आणि मासळी यांची जाण असलेली ती संघटित मते होती, आणि त्यांच्या दारात मते मागायला या पक्षांनी एकत्र जायला हवे.

– एक मतदार, गोरेगाव (पूर्व), मुंबई