घशाची सूज : रुग्णाला आडवे करू नका

महोदय,

घसा सुजून श्वास अडणे हा लहान मुलांचा आजार आहे, असा समज आपल्याकडे अजून टिकून आहे. त्यामुळे मोठ्या माणसाचा घसा दुखू लागला, की दोन-तीन दिवस गुळण्या, हळदीचे दूध आणि औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्या यांवरच काढले जातात. बहुतेकांचे त्यात निभावतेही. ज्यांचे निभावत नाही, ते मात्र आम्हा भूलतज्ज्ञांपर्यंत फार उशिरा पोहोचतात, म्हणून हे पत्र.

असा रुग्ण ओळखायला यंत्र लागत नाही. तो आडवा होत नाही; हनुवटी पुढे काढून, वाकून बसतो, गिळता न येणारी लाळ रुमालाने टिपत राहतो आणि तोंडात गरम घास असावा तसा बोलतो. श्वास आत घेताना कर्कश आवाज येऊ लागला, तर वाट बरीच अरुंद झालेली असते. करोनापासून घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसले, की घरचे निर्धास्त होतात. पण तो आकडा अगदी शेवटपर्यंत चांगला राहून अचानक कोसळू शकतो. स्वरयंत्रावरचे झाकण, म्हणजे एपिग्लॉटिस सुजले असेल, तर तोंडातून घसा जवळजवळ निरोगी दिसतो. तेव्हा चमच्याने जीभ दाबून पाहत बसू नये.

विदर्भात याला खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची जोड आहे आणि मला खरी काळजी तिचीच वाटते. खालच्या किडक्या दाढेचा संसर्ग जिभेखाली पसरला, की जीभ वर आणि मागे ढकलली जाते. १८३६ मध्ये लुडविग या जर्मन डॉक्टरांनी वर्णन केलेला हा आजार मधुमेहींमध्ये अधिक बळावतो. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटे उभी मावतात. वर्षानुवर्षे खर्रा खाऊन सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे तोंडाचे आतले अस्तर कडक होऊन जबडा आखडण्याचा आजार झालेल्याच्या तोंडात कधी कधी एकही धड जात नाही. मग तोंडावाटे श्वासनळीत नळी घालता येत नाही. रुग्ण जागा असताना नाकातून दुर्बिणीने घालावी लागते, नाहीतर गळ्याला छेद देऊन ट्रॅकिऑस्टॉमी करावी लागते. त्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञ शेजारी तयार हवा.

एनालाप्रिल, रामिप्रिल या रक्तदाबाच्या गोळ्यांनीही, त्या अनेक वर्षे सुखाने घेतल्यानंतरसुद्धा, जीभ आणि ओठ सुजू शकतात; अंगावर गांधी उठत नाहीत आणि ॲलर्जीच्या नेहमीच्या इंजेक्शनांचा फारसा उपयोग होत नाही. मधमाशी डसून किंवा औषध बाधून घसा आवळू लागला, तर मात्र प्रौढाच्या मांडीच्या स्नायूत अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनलिन हाच पहिला इलाज. तो लहान दवाखान्यातही देता येतो आणि त्यात एक मिनिटही दवडू नये.

गोंदिया-गडचिरोलीकडून नागपूरच्या मेडिकल, मेयो किंवा एम्स या रुग्णालयांत रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टर मित्रांना विनंती, की श्वास सुरक्षित होण्याआधी सीटी स्कॅनसाठी त्याला आडवे करू नये, ऑक्सिजन लावून बसवूनच रवाना करावे आणि तोंड किती बोटे उघडते, हे निघतानाच फोनवर कळवावे, म्हणजे तो पोहोचेपर्यंत ऑपरेशन थिएटर सज्ज ठेवता येईल.

– एक भूलतज्ज्ञ, धंतोली, नागपूर