तीन नौका झाल्या म्हणजे सगळं झालं का?

महोदय, चीनकडे तीन विमानवाहू नौका झाल्या म्हणून आमच्या सदाशिव पेठेतल्या कट्ट्यावर रोज घबराट, पण जहाज बांधणं वेगळं नि चालवणं वेगळं हे कोणी बोलतच नाही. त्यांची पहिली लियाओनिंग २०१२ ला आली, आपली जुनी विक्रांत १९६१ ची. डेकवर चाकं टेकली की पायलट ब्रेक मारत नाही, उलट फुल थ्रॉटल देतो, कारण विमानाच्या शेपटीचा हुक डेकवर ताणलेल्या तारेत अडकला नाही तर लगेच परत उडावं लागतं, तेही रात्री, हलत्या डेकवर! असे पायलट काय फॅक्टरीत बनतात? त्यात चीनच्या पहिल्या दोन नौकांवर स्की-जंप, म्हणजे डेकच्या टोकाला वर वळलेला उतार; विमान स्वतःच्याच जोरावर उडणार, म्हणून विमानात इंधन किंवा शस्त्रं कमी भरा. तिसऱ्या फुजियानवर मात्र कॅटापल्ट, म्हणजे विमानाला जोरात पुढे फेकणारं यंत्र आहे आणि आपल्या दोन्ही नौका अजून स्की-जंपवाल्याच, तेव्हा हसायचंही कारण नाही.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे