फॅक्ट-चेक कसं वाचावं: सुधीरला पत्र

नागपूर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. सोसायटीच्या ग्रुपवर फॅक्ट-चेकची लिंक टाकली की वाद मिटतो का, असं तू विचारलंस. नाही मिटत बाप्पा. 'खोटे' असा लाल शिक्का पाहून कोणी मत बदलत नाही. शिक्क्याखाली तपासणी कशी केली ते लिहिलेलं असतं, ते वाच आणि ग्रुपवर तेवढंच टाक.

मे २०२४ मधली आपल्या नागपूरच्या ५६ अंश तापमानाची बातमी आठव. रामदासपेठेत कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या स्वयंचलित केंद्राने तो आकडा खरंच दाखवला होता. स्क्रीनशॉट बनावट नव्हता, यंत्र सरकारी होतं, तरी बातमी चूक; सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्यानेच सांगितलं. अशा वेळी चांगली तपासणी त्याच दिवशी आसपासच्या इतर केंद्रांवर पारा किती होता ते बघते (कुठे ४४ च्या घरात होता), राजस्थानातल्या फलोदीचा मे २०१६ मधला ५१ अंशांचा देशातला उच्चांक शेजारी ठेवते आणि मग खुलासा जोडते. पहिल्या दोन गोष्टी तर खुलासा यायच्या आधीही घरबसल्या करता येतात.

व्हिडिओचं काम जरा किचकट. तीन-चार ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट घे, वरची मजकुराची पट्टी कापून टाक, मग चित्रावरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्सला दे. पट्टी राहिली तर लेन्स चित्र सोडून अक्षरांच्याच मागे लागतं. काही सापडलं नाही तर चित्र आरशासारखं उलटवून पाहा. पकडलं जाऊ नये म्हणून पुष्कळ जण तसं करतात. दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेटा बघ. 'सीताबर्डीतला राडा' म्हणतात आणि नागपूरची एकही एमएच ३१ किंवा ४९ दिसत नाही, म्हणजे शंका घ्यायला जागा आहे. टिनआय या चित्र शोधायच्या साइटवर 'सर्वात जुने आधी' लावलं की चित्र कधीपासून फिरतंय ते कळतं.

दावा हिंदीतही शोध. मराठी फॉरवर्ड बहुतेकदा हिंदीवरून उतरवलेला असतो आणि तपासणीही हिंदीत आधी येते. बूम, ऑल्ट न्यूज, न्यूजचेकर या फॅक्ट-चेक साइट्सपैकी कुठेच सापडलं नाही म्हणून मेसेज खरा ठरत नाही. कोणी अजून हात लावला नसेल, एवढंच.

वेळ ही या साइट्सची खरी अडचण. २०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीचा म्हणून फिरलेला व्हिडिओ कराचीतल्या जनजागृती फिल्मचा तुकडा होता. मूल परत आणून देतात तो शेवट कापलेला. खुलासे झाले, पण अफवा पुढेच पळत राहिली. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आणली. एप्रिल २०२० पासून दुहेरी बाण असलेला, म्हणजे खूपदा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. पण मजकूर कॉपी करून चिकटवला की बाण गायब! म्हणून बाण नाही यावर भरवसा ठेवू नको.

आणि ग्रुपवर लिंक टाकताना मूळ खोटा फोटो पुन्हा चिकटवू नको. लोक फोटो बघतात, खालचं वाचत नाहीत.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विलास