चुंबक खिशातच ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शेतात आकाशातून दगड पडल्याची बातमी आपल्याकडे अधूनमधून येते. तिच्यासोबतच्या छायाचित्रात बहुतेक वेळा कुणीतरी दगडाला लोहचुंबक लावून दाखवत असतो. चिकटला तर अशनी, नाही चिकटला तर फेकून द्या, असा हिशेब. मराठवाड्यात ही परीक्षा जवळपास कुचकामी आहे. आणि दगड खरोखरच अशनी निघाला, तर तिने त्याचे कायमचे नुकसान होते.

कुचकामी का, ते आधी. आपला बहुतेक प्रदेश बेसाल्टवर, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकावर, बसलेला आहे आणि बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे बारीक कण असतातच. जोरदार निओडायमियम चुंबक दोऱ्याला टांगून बांधावरच्या काळ्या धोंड्याजवळ न्या, तो ओढला जातो. ओढ्याच्या वाळूत फिरवला तर त्याला काळ्या कणांच्या मिशा फुटतात. त्यात जालन्यासारख्या पोलाद भट्ट्यांच्या शहराभोवती स्लॅगची, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या मळीची भर. जड, काळा, वरून वितळल्यासारखा आणि चुंबकाला चिकटणारा हा तुकडा भरावातून निघाला की पाहणारा फसलाच म्हणून समजा.

उलट, जे अशनी फार थोडे सापडतात त्यांतले काही चुंबकाला दादच देत नाहीत. १७ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरातमध्ये बनासकांठा जिल्ह्यात दियोदर तालुक्यात पडलेला अशनी ऑब्राइट प्रकारचा होता. आतून फिकट, लोह अगदी कमी. या प्रकारचा अशनी त्याआधी भारतात पडल्याची नोंद १८५२ ची, उत्तर प्रदेशातल्या बस्तीची. आपल्या शेजारच्या खानदेशात १८४३ साली मानेगावला पडलेला अशनी डायोजेनाइट प्रकारचा आहे, त्यातही धातुरूप लोह नगण्य. असे दगड वेस्टा या लघुग्रहाच्या कवचातून आले असावेत असे मानले जाते. चुंबकाच्या भरवशावर राहिलेल्या माणसाने हे दोन्ही गोठ्याच्या भिंतीला लावले असते.

आता नुकसानीचे. सेमारकोना हा अशनी १९४० मध्ये मध्य प्रदेशात मंडला भागात पडला. वजन ७०० ग्रॅमही नाही, पण जगभरच्या प्रयोगशाळा त्याच्या कणाकणासाठी धडपडतात, कारण तयार झाल्यापासून तो फारसा तापलेलाच नाही. त्यात मिलिमीटरभर आकाराचे गोल दाणे आहेत, त्यांना काँड्रूल म्हणतात. सूर्याभोवती अजून वायू आणि धुळीची तबकडी होती तेव्हा हे दाणे वितळले आणि काही तासांत थिजले. थिजताना त्यांच्यातल्या लोहकणांनी भोवतालचे चुंबकीय क्षेत्र टिपून ठेवले. २०१४ मध्ये रॉजर फू, बेंजामिन वाइस या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी ते मोजले, तेव्हा आकडा आला सुमारे ५४ मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक), २१ कमी-अधिक. आज मराठवाड्यात होकायंत्राची सुई फिरवणारे पृथ्वीचे क्षेत्र ४० ते ४५ च्या घरात आहे. एकाच तुकड्यातल्या वेगवेगळ्या दाण्यांचे चुंबकत्व वेगवेगळ्या दिशांना होते. म्हणजे नोंद दगड बनण्याआधीची, दाणे सुटे असतानाची. इतके क्षेत्र असेल तर तबकडीतला वायू सूर्याकडे कसा सरकला याचे उत्तर चुंबकत्वातून मिळू शकते.

ही गोष्ट इथेच संपत नाही. सूर्यमालेचे घड्याळ सुरू होते ते अशनींमधल्या कॅल्शियम-ॲल्युमिनियमच्या पांढऱ्या ठिपक्यांपासून. १९६९ मध्ये मेक्सिकोत पडलेल्या आयेंदे या अशनीत ते नुसत्या डोळ्यांनी दिसतात, आणि अशा ठिपक्यांचे वय ४५६.७ कोटी वर्षे निघाले आहे. त्यानंतर सुमारे ४० लाख वर्षांनी घडलेल्या अँग्राइट या प्रकारच्या अशनींमध्ये चुंबकीय क्षेत्राचा मागमूस सापडत नाही. वायू ओसरला, त्याच्याबरोबर क्षेत्रही गेले. म्हणून गुरू आणि शनी यांना आपला वायू त्याआधीच गोळा करावा लागला असणार. एवढा निष्कर्ष उभा आहे तो क्षीण चुंबकत्वावर, आणि आपल्या हातातल्या चुंबकाचे क्षेत्र त्याच्या काही हजार पट असते. एकदा टेकवला की जुनी नोंद पुसली जाते आणि तिच्या जागी त्या चुंबकाची नोंद बसते. सहारा वाळवंटात सापडलेल्या कित्येक अशनींचे हेच झाले आहे. गोळा करणाऱ्यांनी चुंबक लावला आणि अभ्यासकांना चुंबकच मोजायला मिळाला.

मग ओळखायचे कसे? आधी दगडाचा तुटलेला कोपरा पाहा. नव्या अशनीची साल बहुधा काळी, मंद आणि एक मिलिमीटरहूनही पातळ असते, आणि आत बहुतेक वेळा राखाडी किंवा फिकट दगड असतो. आपल्या बेसाल्टचे नेमके उलटे: वरून तपकिरी, मुरमाड आणि फोडला की आत काळा. (फोडून पाहा असा याचा अर्थ नाही. टवका गेलेला कोपरा बहुधा सापडतोच.) भिंगाखाली बुडबुड्यांची छिद्रे दिसली तर तो स्लॅग किंवा लाव्हा समजावा. छिद्रांत पांढरे स्फटिक भरलेले असतील तर शंभर टक्के इथलाच. चुंबकत्व पाहायचेच असेल तर साधे होकायंत्र लाकडी टेबलावर ठेवा, मोबाईल आणि लोखंड दूर करा, आणि दगड पूर्वेकडून किंवा पश्चिमेकडून हळूहळू जवळ आणा. सुई हलते का बघा, पण दगड तिच्यापासून दोन-तीन बोटे लांबच असू द्या. बेसाल्टही सुई थोडी हलवू शकतो, तेव्हा एवढ्यावरून निकाल लावू नका.

नांगरटीत निघालेल्या, म्हणजे आज-काल पडल्याचा दावा नसलेल्या दगडाची घनता घरीच काढता येते. दगडाचे कोरडे वजन घ्या. मग इलेक्ट्रॉनिक काट्यावर पाण्याचे पातेले ठेवून काटा शून्यावर आणा आणि दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घनसेंटिमीटर त्याचे आकारमान. ४२० ग्रॅमच्या दगडाने काटा १४५ दाखवला तर घनता २.९, म्हणजे बहुधा बेसाल्ट. १२० दाखवला तर ३.५, आणि तो दगड तज्ज्ञाला दाखवण्याजोगा. हवेचे बुडबुडे निघत असतील तर ते थांबेपर्यंत वाट पाहा, नाहीतर घनता उगाच कमी येते. ताज्या अशनीला मात्र पाणी लावायचे नाही.

ताजा पडला असेल तर घाई हवी. त्यातला किरणोत्सारी सोडियम-२४ दर १५ तासांनी निम्मा होतो, बेरिलियम-७ सुमारे ५३ दिवसांत. अवकाशातल्या शेवटच्या प्रवासात त्याला किती वैश्विक किरण लागले, हे असल्या अल्पजीवी अणूंतून कळते. उचलण्याआधी खड्ड्याचे दोन-तीन फोटो घ्या, शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवून. मोबाईलच्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश लिहून घ्या. उन्हाळ्यात काळ्या रानाच्या भेगा हातभर खोल असतात, तेव्हा आत गेलेल्या तुकड्यांसाठी खालची मातीही चाळा. खोदताना टिकाव नको. दगड उचलताना हातात नवे मोजे किंवा स्वच्छ ॲल्युमिनियम फॉइल हवी, कारण घामातल्या मिठाने आतले लोह गंजू लागते. फॉइलमध्ये गुंडाळून कोऱ्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवा आणि सिलिका जेलची पुडी फॉइलच्या बाहेर टाका. पावसाळा तोंडावर असेल तर एक रात्रही शेतात राहू देऊ नका. २०१७ मध्ये राजस्थानात पडलेला मुकुंदपुरा अशनी इतका ठिसूळ होता की शेतात आदळताच त्याचे तुकडे झाले. त्या जातीच्या दगडाला आपल्या एका वळवाने चिखल व्हायला वेळ लागणार नाही.

लोक हळद-कुंकू वाहतात, नारळ फोडतात. भावना समजू शकते, पण कार्बनयुक्त अशनीत अमिनो आम्ले शोधली जातात, आणि त्यावर तेल, दूध, शेंदूर पडले की आलेले रेणू आकाशातले की देव्हाऱ्यातले हे सांगणे अवघड होते. पूजा जिथे दगड पडला त्या खड्ड्याची करा.

गावाच्या कॅमेऱ्यात उल्का टिपली गेली असेल तर चित्रफीत पुसली जाण्याआधी काढून ठेवा आणि त्या कॅमेऱ्याचे घड्याळ किती पुढे-मागे आहे तेही लिहा. दोन-तीन गावांच्या चित्रफिती जुळल्या तर दगडाची अवकाशातली कक्षा काढता येते. तेजस्वी गोळा दोन-चार सेकंदांत संपला तर उल्का. अर्धा-एक मिनिट संथपणे, तुकड्यांची रांग लावून गेला तर बहुधा रॉकेटचा अवशेष, जसा २ एप्रिल २०२२ ला राज्यभर दिसला आणि ज्याची कडी नि गोळे चंद्रपूर जिल्ह्यात सापडले. आणि लोणारला जाऊन अशनी शोधू नका. तिथे आदळलेल्या पिंडाचा दगड हाती लागत नाही, काठावर आहे तो आघाताने भाजलेला बेसाल्ट, शिवाय ते अभयारण्य आहे.

अशनींचे जतन करणारी अधिकृत संस्था भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण. तिची कार्यालये नागपूर आणि पुण्यात आहेत. तलाठी, पोलीस पाटील यांनी तहसीलमार्फत तिथे कळवावे. पंचनामा करताना दगडावर डिंकाने चिठ्ठी चिकटवू नये, लाखेचे सील दगडाला नव्हे, पिशवीच्या तोंडाला लावावे. आपल्या वार्ताहरांनीही किमतीऐवजी पडल्याची वेळ, अचूक जागा आणि दगड सध्या कुणाकडे आहे एवढे छापले तरी पुष्कळ.

आपला,
भूशास्त्राचा एक अध्यापक, जालना